डावीकडच्या गाड्या

हरण्याचं नाटक करणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत, आणि माझे बाबा त्या नाटकात पटाईत होते. कॅरममध्ये राणी अगदी पॉकेटच्या तोंडाशी आणून ठेवायचे आणि मग "अरेरे, गेला चान्स" म्हणत कपाळावर हात मारायचे. पत्त्यांत हातात एक्का असताना दुर्री टाकायचे. माझा धाकटा भाऊ टाळ्या पिटायचा. तो सहा वर्षांचा, त्याला काय कळतंय! मी अकरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. "मला कच्चं लिंबू करू नका," असं किंचाळून मी डाव उधळून द्यायची. आई म्हणायची, "एवढा कसला गं मेला राग? बापाने लेकरांपुढे हरायचं असतं." आमच्या घराण्यात म्हणे तशी रीतच होती. आजोबाही बाबांपुढे असेच हरत आले होते.

आम्ही अंबरनाथला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. बाबा मोरिवलीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सचे ऑफिसर होते. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, आणि शाळांना रविवारी. त्यामुळे बाबा घरी असत तेव्हा आम्ही शाळेत आणि आम्ही घरी असू तेव्हा ते कामावर. एकत्र मिळायच्या त्या फक्त संध्याकाळी आणि सणावाराच्या सुट्ट्या. म्हणूनच बहुधा, त्या वर्षी दिवाळीत बाबांनी टीव्ही गेम घ्यायचं ठरवलं.

तो आणायला बाबा आणि मी स्कूटरवरून उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये गेलो. दुकानदार सिंधी होता, बोटांत तीन अंगठ्या. बाबांनी डबा उलटासुलटा करून, स्क्रू तपासून विचारलं, "ओरिजिनल है क्या?" तो म्हणाला, "साईं, ओरिजिनल से अच्छा है. ओरिजिनल बिगडा तो कौन बनाएगा? ये बिगडा तो मैं बैठा हूँ." बाबांना हे इतकं पटलं की घरी येईपर्यंत ते हसत होते.

काळा चपटा डबा, त्याला एक दांडी आणि दांडीच्या बाजूला लाल बटण. टीव्हीमागची अँटेनाची वायर काढून तिथे एक छोटी डबी जोडायची आणि चॅनेलचा खटका फिरवत राहायचं. मग मुंग्यांमधून हळूहळू एक रस्ता उमटायचा. आत बरेच खेळ होते, पण आमच्या घरात एकच चालला, मोटारींच्या शर्यतीचा. आपली गाडी खाली मध्यभागी, मागून दिसणारी. रस्ता वर निमुळता होत गेलेला. पुढच्या गाड्या आधी ठिपक्याएवढ्या दिसत आणि मग डावीउजवीकडून भसकन अंगावर येत. दिवस संपायच्या आत ठरावीक गाड्या ओलांडायच्या. धडक बसली तर आपण मरत नव्हतो, पण गाडी रांगायला लागायची आणि मागे टाकलेल्या सगळ्या पुन्हा पुढे निघून जायच्या. आधी ऊन, मग बर्फ, मग संध्याकाळ आणि शेवटी धुकं. धुक्यात हातभर रस्ता सोडला तर काही दिसत नसे. आवाज एकच, गाडी चालू असेपर्यंत न थांबणारा. आई त्याला मिक्सर म्हणायची.

आणि या खेळात बाबा हरायला विसरले. खरंच विसरले. जिभेचं टोक दातांत धरून, खुर्चीत पुढे सरकून ते अशी गाडी हाणायचे की आम्ही दोघं भावंडं बघतच राहायचो. मशिनवर हात ठेवून आतलं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस तो. धुक्यातसुद्धा त्यांना धडक बसत नसे. मी रोज हरत होते, रोज भांडत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर खूश होते. कारण ते माझ्याशी खरं खेळत होते.

हे सुख टिकलं डिसेंबरपर्यंत. नवीन वर्ष लागलं आणि बाबा पुन्हा हरायला लागले. सुरुवातीला एखादी धडक. मग बर्फातच चारपाच. मग तर असं झालं की संध्याकाळ व्हायच्या आत त्यांचा डाव संपायचा. मी मनात म्हटलं, झालं, आली गाडी मूळपदावर. माझी दया आली यांना. मी त्यांच्याशी धड बोलेनाशी झाले.

घरात आणखीही काही गोष्टी बदलत होत्या, पण त्यांची एकमेकींशी सांगड घालावी असं कुणालाच सुचलं नाही. नोव्हेंबरात बाबांना ब्लडप्रेशर निघालं होतं. डॉक्टरांनी मीठ, लोणचं, पापड बंद करायला सांगितलं, आणि बाबांनी अर्थातच ऐकलं नाही. आमच्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली, तिच्यात बदल नाही. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. आई डावी बाजू वाढायची आणि "जपून हं" म्हणायची, आणि बाबा पहिलं बोट लोणच्यात बुडवायचे. पण जानेवारीत ते आपणहून सुधारले. ताटाची डावी बाजू वाढली तशीच परत यायला लागली. आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "आमच्याकडे आता पथ्य अगदी कडक. चटणीलासुद्धा हात लावत नाहीत." स्कूटरच्या डाव्या पत्र्यावर एक लांब ओरखडा आला होता. बाबा म्हणाले, कंपनीच्या स्टँडवर कुणीतरी घासली असणार.

सव्वीस जानेवारीला आम्हा सगळ्यांनाच सुट्टी होती. सकाळी झेंडावंदन झालं, बाबांनी येताना जिलबी आणली, आणि अकराच्या सुमारास आम्ही टीव्हीसमोर बसलो. आधी मी खेळले आणि धुकं पार करून दुसऱ्या दिवसात गेले. मग बाबांनी दांडी हातात घेतली. दोन मिनिटांत तीन धडका. मी उठून टीव्हीपुढे उभी राहिले.

"मुद्दाम करताय तुम्ही."

"अगं नाही. सरक बाजूला."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. खरं खेळा."

आमच्या कॉलनीत शपथेचा कायदा कडक होता. ज्याने घातली त्याने स्वतःच्या तोंडाने 'सुटली' म्हणेपर्यंत ती सुटत नसे. आणि मोडली, तर ज्याच्या गळ्याची असेल तो मरायचा. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. बाबांचा नसावा, पण माझा आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "बरं. तुझ्या गळ्याशप्पथ, खरं खेळतो."

या वेळी मी पडदा पाहिला नाही. टीव्हीला टेकून खाली बसले आणि बाबांचा चेहरा पाहत राहिले. नाटक करताना त्यांची डावी भुवई थोडी उडायची, ते मला माहीत होतं. भुवई हलत नव्हती. जीभ दातांत होती. कपाळावर घाम होता, जानेवारीत. धाड. त्यांनी मान झटकली आणि दांडी आणखी घट्ट धरली. धाड. मी वळून पडद्याकडे पाहिलं. उजवीकडून येणाऱ्या गाड्या ते पूर्वीसारख्याच सफाईने चुकवत होते. धडक प्रत्येक वेळी डावीकडच्या गाडीला बसत होती.

"बाबा, डावीकडे!"

"कुठे?" ते म्हणाले. गाडी त्यांच्यासमोर होती, अंगठ्याएवढी, लाल. धाड.

"छे, गेला हात आपला," म्हणून ते हसले. "सुटली म्हण बघू आता." मी सुटली म्हटलं. मला त्यांचा राग आलेला नव्हता. मला भीती वाटत होती, आणि कशाची ते कळत नव्हतं.

जेवायला बसलो. उजवीकडे बटाट्याची भाजी आणि मटारची उसळ आल्यामुळे जागा उरली नव्हती, म्हणून आईने जिलबीचे दोन वेढे बाबांच्या ताटात डावीकडे वाढले, कोशिंबिरीशेजारी. जिलबी म्हणजे बाबांचा जीव की प्राण. त्यांनी पोळी संपवली, भात संपवला, ताकही संपवलं आणि ते हात धुवायला उठायला लागले. जिलबी तशीच होती. आई कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, गोडसुद्धा सोडलंत?" आणि भावाचा हात धुवायला त्याला मोरीवर घेऊन गेली.

मी हात पुढे केला आणि बाबांचं ताट अर्धं फिरवलं.

"अरे, जिलबी!" बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझ्या वाट्याची संपली." त्यांनी तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग तुकडा खाली ठेवून त्यांनी स्वतःच ताट पुन्हा फिरवलं आणि ताटाच्या बरोबर मधोमध नजर लावली.

"आता आहे जिलबी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आहे."

"लिंबू?"

"आहे, बाबा. सगळं आहे."

मशिन तपासताना ते असेच प्रश्न विचारत, एक, मग दुसरा, घाई न करता. मोरीत पाण्याचा आवाज येत होता. बाबांनी ताट पुन्हा एकदा फिरवलं, पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. ते घाबरले होते. माझे बाबा घाबरू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

पाणी थांबलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "ऐक. टीव्ही बघून बघून डोळे शिणलेत माझे. होतील बरे. एप्रिलमध्ये कंपनीची मेडिकल तपासणी आहे. त्याआधी बोभाटा झाला तर नोकरी जाईल, आणि नोकरी गेली की हे क्वार्टर सोडावं लागेल. आईला सांगायचं नाही."

"पण बाबा, स्कूटर…"

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

झालं. मला कुलूप लागलं. मी मान हलवली आणि आई बाहेर आली.

ती सगळी दुपार मी एकाच हिशेबात घालवली. भाऊ रोज सकाळी बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून शाळेत जायचा. त्याची शाळा मोरिवलीच्या वाटेवर होती, ट्रक आणि टँकर जायचे त्याच रस्त्यावर. बोलले तर बाबा मरणार. नाही बोलले तर भाऊ. बाबांनी स्कूटर बंद केली तर आई कारण विचारणार, म्हणून ते बंद करणार नव्हते. संध्याकाळी भाऊ टीव्ही गेम लाव म्हणून मागे लागला. मी त्याला एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडले. आईला वाटलं, आम्ही नेहमीसारखे भांडतोय.

सकाळी मी आईला सांगितलं की मला कार्डशीट हवाय, तो भावाच्या शाळेजवळच मिळतो, येताना मी चालत येईन. माझी शाळा दुपारची, त्यामुळे आईने हो म्हटलं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि किक मारली. भाऊ पुढे उभा, दोन्ही हात हँडलच्या मधोमध. मी मागे. माझा डावा हात बाबांच्या डाव्या खांद्यावर.

"बाबा, डावीकडे सायकल."

त्यांनी मान वळवली, सायकल पाहिली आणि स्कूटर उजवीकडे घेतली. मान वळवली की दिसत होतं. वळवायला हवी हेच त्यांना कळत नव्हतं.

"डावीकडे हातगाडी. डावीकडे ट्रक उभा आहे, बाबा. डावीकडे दोन माणसं."

 मी म्हणेन तशी त्यांची मान वळत होती. नाक्यापर्यंत आलो, नाका पार झाला. माझी बोटं त्यांच्या खांद्यात रुतली होती, पण खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी जमतंय असं वाटायला लागलं होतं. रोज यायचं, एप्रिलपर्यंत. काय कठीण आहे? पुढे भाऊ तोंडाने गेमचा आवाज काढत होता, मिक्सरचा. कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या तसा रस्ता अरुंद झाला. गावाकडून येणाऱ्या पायवाटा तिथे डावीकडून रस्त्याला मिळत.

"ताई, काल तू किती गाड्या टाकल्यास मागे?" भावाने ओरडून विचारलं.

आणि मी सांगायला लागले. कसं धुकं आलं, कशी मी न थांबता सुटले, कसा दुसरा दिवस उजाडला. दोन वाक्यं असतील फार तर. माझी फुशारकी मारायची खोड मला त्या दिवशी नडली.

डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई पायवाटेवरून रस्त्यावर आली. मी "बाबा!" म्हणाले तेव्हा ती हँडलपाशी होती. बाबा म्हणाले, "कुठे?" हँडल तिच्या कोपराला लागलं, टोपली आमच्यावर कलंडली आणि बाबांनी दचकून स्कूटर उजवीकडे ओढली. समोरून टँकर येत होता. त्याचा हॉर्न माझ्या पोटातून गेला. ब्रेक लागले, टँकरचं चाक आमच्या बाजूने निघून गेलं, त्याचा गरम वारा चेहऱ्यावर आला, आणि मग आम्ही रस्त्याच्या मधोमध उभे होतो. भावाचं तोंड हँडलवर आपटलं होतं. खालच्या ओठातून रक्त येत होतं आणि तो रडत नव्हता, नुसता बाबांकडे वळून पाहत होता.

बाबांनी स्कूटर ढकलत कडेला आणली, भावाला उचलून खाली ठेवलं. ती बाई धावत आली. मोरिवलीचीच असावी, काष्टा घातलेली, मुळे आणि वालाच्या शेंगा घेऊन बाजाराला निघालेली.

"डोलं फुटलं का रं तुजं? पोराला पुढं उभा केलास, न् बघतंस कुटं?"

 बाबा खाली बसून सांडलेले मुळे गोळा करायला लागले. एकेक मुळा उचलून, माती झटकून टोपलीत ठेवत होते. समोरचे आणि उजवीकडचे सगळे उचलून झाले तसे ते उठले आणि टोपली तिच्यापुढे धरली.

"न् ते कोन उचलनार? तुजा बापूस?" बाई म्हणाली.

त्यांच्या डाव्या पायाशी चार मुळे पडले होते. शेंगांचा तर सडाच होता.

बाबा "कुठे?" म्हणाले, आणि उजवीकडे पाहिलं.

 बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली मान घालून ते मुळे उचलायला लागले, कारण मला बोलायची बंदी होती.

पुढच्या आठवड्यात मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोष डोळ्यांत नाही, डोक्यात आहे. ब्लडप्रेशरने एक छोटीशी गुठळी झाली होती आणि मेंदूला डावी बाजू म्हणून काही असते याचाच विसर पडला होता. कंपनीने त्यांना काढून टाकलं नाही, स्टोअरमध्ये टेबल दिलं, आणि क्वार्टर राहिलं. आईने त्यांचं ताट उजवीकडेच सगळं वाढायला सुरुवात केली, अगदी लिंबासकट. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं. नोकरी आणि घर दोन्ही आत्ताच्या आत्ता जाणार, एवढंच तो धरून चालला होता.

"हो मावशी," बाबा म्हणाले. "मला दिसत नाही. डावीकडचं काहीच दिसत नाही."

बाईने टोपली खाली ठेवली. पदराचं टोक तोंडात ओलं करून तिने भावाच्या ओठावरचं रक्त पुसलं आणि म्हणाली, "मं कशाला चालवतंस रं बाबा?" आता तिच्या आवाजात राग नव्हता.

बाबांनी स्कूटर स्टँडला लावली. किल्ली काढून पुढे धरली आणि मी ती घेतली. मग माझ्याकडे नीट बघता यावं म्हणून त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली, कारण मी त्या बाजूला उभी होते.

"सुटली," ते म्हणाले. "जा, आईला सांग."